सार्वजनिक ग्रंथालयांतील शिशुसेवा

सार्वजनिक ग्रंथालयांतील शिशुसेवा म्हणजे जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि त्यांचा सांभाळ करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी सार्वजनिक ग्रंथालयांनी चालविलेल्या सेवा होत. चित्रपुस्तके घरी नेण्यास देणे, मांडीवर बसवून वाचण्याची व बडबडगीतांची सत्रे भरविणे, खेळणी उपलब्ध करणे, पालकांना मार्गदर्शन करणे आणि रुग्णालये, पाळणाघरे व अंगणवाड्यांपर्यंत पुस्तके पोहोचविणे ही या सेवांची प्रमुख अंगे आहेत. तान्ह्या मुलाला अक्षरे शिकविणे हा त्यांचा उद्देश नाही. बोलणे, ऐकणे, गाणे आणि पुस्तक हाताळणे यांचा आनंद मुलाला घरात मिळावा आणि ज्या घरात पुस्तक नाही त्या घरातील मूलही त्याला मुकू नये, हा या सेवांमागील विचार आहे.

आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने (इफ्ला) २००७ साली या वयोगटासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे मोठे असले, तरी त्यांतील बालविभाग प्रामुख्याने वाचता येणाऱ्या मुलांना नजरेसमोर ठेवून उभे राहिले आहेत. तीन वर्षांखालील मुलांचा संबंध येथे ग्रंथालयापेक्षा अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि घरातील मौखिक परंपरा यांच्याशी अधिक येतो.

संकल्पना व व्याप्ती

ग्रंथालयशास्त्रात बालसेवा ही संज्ञा व्यापक असून तिच्यात शालेय वयाच्या मुलांचाही समावेश होतो. शिशुसेवा हा तिचाच एक भाग असला, तरी एका महत्त्वाच्या बाबतीत तो वेगळा आहे. शाळकरी मूल ग्रंथालयात एकटे येऊ शकते, स्वतः पुस्तक निवडू शकते आणि वाचू शकते. तान्हे मूल यांपैकी काहीच करू शकत नाही. त्यामुळे शिशुसेवेचा वाचक हा नेहमी जोडीने येतो: एक मूल आणि त्याच्याबरोबर आई, वडील, आजी, आजोबा, मोठे भावंड किंवा दाई. सेवेची आखणी या दोघांसाठी मिळून करावी लागते.

मूल स्वतः वाचू-लिहू लागण्यापूर्वी त्याच्या ठायी जी तयारी होत असते, तिला 'उदयोन्मुख साक्षरता' असे म्हणतात. पुस्तक कोणत्या बाजूने उघडते, पान कसे उलटते, चित्रातील मांजर आणि घरातील मांजर यांचा संबंध काय, बोललेला शब्द आणि कागदावरील खुणा यांचे नाते काय, यांसारख्या गोष्टी मूल या काळात आत्मसात करते. शब्दसंग्रह, ध्वनींमधील भेद ओळखण्याची क्षमता आणि गोष्टीतील क्रम समजणे हेही या तयारीचेच भाग आहेत.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील सतराव्या कलमात मुलांच्या पुस्तकांची निर्मिती व प्रसार यांना उत्तेजन देण्याचे, तर एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग यांविषयीच्या हक्काचे तत्त्व आहे. भारताने १९९२ साली ही संहिता स्वीकारली. इफ्ला व युनेस्को यांच्या १९९४ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात मुलांमध्ये लहान वयापासून वाचनाची सवय रुजविणे हे ग्रंथालयाचे एक प्रमुख कार्य मानले आहे. शिशुसेवेची तात्त्विक बैठक या दोन दस्तऐवजांत सापडते.

शास्त्रीय आधार

मूल जन्माला येते तेव्हा ऐकण्याच्या बाबतीत ते अगदीच नवखे नसते. अँथनी डीकॅस्पर व मेलनी स्पेन्स यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरोदर स्त्रियांनी अखेरच्या काही आठवड्यांत एकच उतारा रोज मोठ्याने वाचला. जन्मानंतर त्यांच्या बाळांनी अपरिचित उताऱ्यापेक्षा त्याच उताऱ्याला अधिक पसंती दर्शविली. नवजात बालकाची दृष्टी मात्र साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरच स्थिरावते. मांडीवरील बाळ आणि त्याला घेणाऱ्याचा चेहरा यांत जवळजवळ एवढेच अंतर असते. अगदी लहान बाळांच्या पुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठळक आकृत्या असतात त्याचे कारण बाळाच्या या अपुऱ्या दृष्टीत आहे.

पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषेचे ध्वनी ऐकविले. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळे ते ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणे दृक्‌श्राव्य फितीवरून पाहणाऱ्या बाळांना मात्र तो लाभ झाला नाही. भाषा शिकण्यासाठी शब्द कानी पडणे पुरेसे नसून बोलणाऱ्या माणसाचा प्रत्यक्ष सहवास लागतो, असा निष्कर्ष या प्रयोगातून निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या शिफारशी याच दिशेच्या आहेत. एक वर्षाखालील मुलांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ देऊ नये आणि बैठ्या वेळेत मोठ्यांनी त्यांना वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असे त्यांत म्हटले आहे.

कसे वाचावे यालाही महत्त्व आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व सहकाऱ्यांनी १९८८ साली २१ ते ३५ महिने वयाच्या मुलांच्या पालकांना 'संवादी वाचना'चे तंत्र शिकविले. पालकाने सलग वाचत न जाता चित्राविषयी प्रश्न विचारावेत, मुलाच्या एका शब्दाच्या उत्तरात भर घालून ते त्याला परत ऐकवावे आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे, असे हे तंत्र आहे. महिनाभराच्या अशा वाचनानंतर या मुलांची बोलण्यातील प्रगती नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखविलेल्या मुलांपेक्षा अधिक दिसली.

बेटी हार्ट व टॉड रिझली यांनी १९९५ साली अमेरिकेतील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून, गरीब घरांतील मुलांच्या कानी सुस्थितीतील मुलांच्या तुलनेत फार कमी शब्द पडतात, असा निष्कर्ष काढला होता. हा अभ्यास बराच गाजला आणि अनेक शासकीय योजनांचा आधार ठरला. परंतु त्यावर टीकाही झाली. कुटुंबांची संख्या अल्प असणे आणि प्रामुख्याने आईचेच बोलणे मोजणे हे त्यातील दोष मानले जातात. घरातील इतर माणसांचे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणे जमेस धरल्यास गरीब घरांतही शब्दांची समृद्धी आढळते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. एकत्र कुटुंब, वाडा, चाळ किंवा पाडा अशा वातावरणात वाढणाऱ्या भारतीय मुलांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

इतिहास

पाश्चात्त्य देश

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका व इंग्लंडमधील सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांसाठी स्वतंत्र दालने सुरू झाली. परंतु तेथे प्रवेशासाठी वयाची अट असे, किंवा स्वतःचे नाव लिहिता येणाऱ्या मुलालाच सभासदत्व दिले जाई. शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी गोष्टींचे तास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाले, तेही मुख्यतः तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान मुलांचा विचार १९७० नंतर होऊ लागला. न्यूझीलंडमधील लेखिका डोरोथी बटलर यांच्या १९७९ मधील 'कुशला अँड हर बुक्स' आणि १९८० मधील 'बेबीज नीड बुक्स' या पुस्तकांचा या बदलावर प्रभाव पडला. पहिल्या पुस्तकात जन्मतः गंभीर व्यंगे असलेल्या मुलीच्या वाढीत अगदी बालपणापासून वाचून दाखविलेल्या पुस्तकांचा वाटा कसा राहिला, याचा अभ्यास आहे.

१९८९ साली अमेरिकेतील बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीस आलेल्या मुलांना पुस्तक देण्याचा उपक्रम सुरू केला. 'रीच आउट अँड रीड' या नावाने तो पुढे देशभर पसरला. १९९२ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे वेंडी कूलिंग यांच्या पुढाकाराने 'बुकस्टार्ट' हा उपक्रम आरंभला. शाळेच्या पहिल्या दिवशी हाती आलेल्या पुस्तकाचे काय करावे हेच न कळलेला पाच वर्षांचा एक मुलगा पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ग्रंथालय आणि आरोग्य विभाग यांच्या सहकार्याने सुमारे ३०० बाळांच्या कुटुंबांना आरोग्य तपासणीच्या वेळी पुस्तक, कवितेचे कार्ड आणि ग्रंथालयाचे निमंत्रण देण्यात आले. बर्मिंगहॅम विद्यापीठातील बॅरी वेड व मॅगी मूर यांनी या मुलांचा पुढील काही वर्षे मागोवा घेतला. उपक्रमातील मुले शाळेत प्रवेश करताना इतरांहून अधिक तयारीने आली, असे त्यांना आढळले. पुढे हा उपक्रम संपूर्ण देशात लागू झाला.

इटलीत १९९९ साली बालरोगतज्ज्ञ व ग्रंथपाल यांच्या संघटनांनी मिळून अशीच योजना सुरू केली. जपानने २००० हे वर्ष मुलांच्या वाचनाचे वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी टोकियोतील सुगिनामी विभागात बुकस्टार्टचा प्रयोग झाला आणि पुढील वर्षापासून नगरपालिकांनी तो बालआरोग्य तपासणीशी जोडून घेतला. अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या दोन विभागांनी तयार केलेल्या 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' या पालक-शिक्षण उपक्रमाच्या २०११ मधील दुसऱ्या आवृत्तीत बोलणे, गाणे, वाचणे, लिहिणे (रेघोट्या मारणे) आणि खेळणे या पाच घरगुती सवयींवर भर दिलेला आहे. अमेरिकी बालरोग अकादमीने २०१४ साली जन्मापासून मुलांना वाचून दाखविण्याचा सल्ला देणे हे बालरोगतज्ज्ञाच्या कामाचा भाग असल्याचे जाहीर केले.

भारत

भारतात मुलांसाठी ग्रंथालयसेवेचा विचार सर्वप्रथम ठळकपणे बडोदे संस्थानात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होते. बॉर्डन यांच्यानंतर हे कार्य जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे चालविले. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' या सूत्राची व्याप्ती लहान मुलांपर्यंत नेता येते.

ग्रंथालय कायद्याच्या बाबतीत मराठी मुलूख अग्रेसर राहिला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केलेला कायदा हा भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा मानला जातो. १९७२ साली कोलकाता येथे स्थापन झालेले राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांच्या सहकार्याने ग्रंथालयांना पुस्तके व अन्य साहाय्य पुरविते; बालविभागांच्या विकासासाठीही त्याच्याकडून अर्थसाहाय्य मिळते.

सेवांचे स्वरूप

जागा

शिशुविभाग तळमजल्यावर असणे सोयीचे ठरते, कारण पालक बाबागाडी, पिशव्या आणि कडेवरचे मूल घेऊन येतात. बसण्यासाठी सतरंजी किंवा धुता येणारी चटई, मुलाच्या हाताला येतील अशी बुटकी मांडणी, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी पुस्तकांची रचना, स्तनपानासाठी आडोसा, लंगोट बदलण्याची सोय आणि पिण्याचे पाणी या मूलभूत गरजा होत. कपाटांचे कोपरे गोल असावेत, विजेची बटणे हाताबाहेर असावीत आणि मांडण्या भिंतीला पक्क्या केलेल्या असाव्यात. ग्रंथालयातील शांततेचा नियम या विभागात शिथिल करावा लागतो. म्हणून अभ्यासिकेपासून तो दूर ठेवणे इष्ट असते.

ग्रंथसंग्रह

या वयाचे मूल पुस्तक पाहते, तसेच ते चावते, ओढते आणि फेकते. म्हणून जाड पुठ्ठ्याची, कापडाची व पाण्याने न भिजणारी पुस्तके निवडली जातात. एका पानावर एक चित्र, थोडे शब्द, लयबद्ध वाक्ये आणि पुनरुक्ती ही चांगल्या शिशुपुस्तकाची लक्षणे मानली जातात. मुलाच्या परिचयातील वस्तू चित्रांत असणे महत्त्वाचे असते. कोकणातील मुलाला होडी, ताड, पापलेट आणि पावसातली छत्री लवकर ओळखता येते; बर्फातला बाहुला त्याला परका असतो. दृष्टिहीन मुलांसाठी वेगवेगळ्या पोतांचे कापड, दोरा, मणी वापरून केलेली स्पर्शपुस्तके उपयोगी पडतात. अशी पुस्तके स्थानिक शिवणकामाच्या साहाय्याने अल्प खर्चात तयार करता येतात.

सत्रे

शिशुसत्र साधारणतः २० ते ३० मिनिटांचे असते. ठरलेल्या गाण्याने आरंभ, दोन-तीन बडबडगीते व बोटांचे खेळ, एक छोटे पुस्तक, पुन्हा गाणे, नंतर मोकळा खेळ आणि निरोपाचे गाणे असा त्याचा क्रम असतो. हा क्रम आठवड्यामागून आठवडे तसाच ठेवतात, कारण पुनरावृत्तीतून मुलाला पुढे काय येणार याचा अंदाज येऊ लागतो आणि त्यातच त्याला आनंद वाटतो. सत्र घेणारा ग्रंथपाल मुलांना शिकविण्यापेक्षा पालकांना करून दाखविण्याचे काम करतो. तेच गाणे, तोच खेळ पालकाने घरी करावा, ही अपेक्षा असते. सत्रानंतरचा मोकळा वेळही उपयुक्त ठरतो, कारण नव्या वस्तीत राहायला आलेल्या मातांची ओळख अनेकदा येथेच होते.

ग्रंथालयाबाहेरील सेवा

ज्या कुटुंबांना शिशुसेवेची सर्वाधिक गरज असते, ती बहुधा ग्रंथालयात येत नाहीत. म्हणून लसीकरण केंद्र, प्रसूतिगृह, पाळणाघर, बांधकामावरील मजुरांची वसाहत, आठवडी बाजार येथे पेटीतून पुस्तके नेली जातात. बुकस्टार्टसारख्या योजनांचे यश आरोग्यसेवेशी घातलेल्या या सांगडीत आहे. भारतातील राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार बालकाला जन्मतः, ६, १० व १४ आठवड्यांनी, ९ महिन्यांनी आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान केंद्रावर आणावे लागते. यांपैकी नवव्या महिन्याची भेट पुस्तक देण्यास विशेष अनुकूल असते. त्या वयात मूल बसू लागलेले, वस्तू हाती धरू लागलेले आणि आवाजांना प्रतिसाद देऊ लागलेले असते.

वयानुसार आखणी

मुलांच्या वाढीत व्यक्तिपरत्वे फरक असतो. तरीही ग्रंथालये स्थूलमानाने पुढील टप्पे धरून चालतात.

• जन्म ते ६ महिने: आवाज, लय व चेहरा यांना महत्त्व. अंगाईगीते, ओव्या, ठळक आकृत्यांची पुस्तके. पुस्तकाचा विषय दुय्यम असतो.
• ६ ते १२ महिने: वस्तू पकडणे, तोंडात घालणे. कापडी व पुठ्ठ्याची पुस्तके, टाळ्यांचे व लपाछपीचे खेळ.
• १२ ते २४ महिने: बोटाने दाखविणे, पहिले शब्द, पाने उलटणे. प्राणी, फळे, घरातील वस्तू यांची चित्रे. तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागणे हे या वयाचे लक्षण आहे.
• २४ ते ३६ महिने: दोन-तीन शब्दांची वाक्ये, 'हे काय?' असे प्रश्न. सोप्या गोष्टी, संवादी वाचन, खडूने रेघोट्या, भातुकलीसारखे नकलेचे खेळ.

महाराष्ट्रातील स्थिती

ग्रंथालयांचे जाळे

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि त्यानुसार १९६८ साली ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. लोकांनी संस्था स्थापन करून ग्रंथालय चालवावे आणि शासनाने त्यास मान्यता व अनुदान द्यावे, अशी या कायद्याची रचना आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागणी केली जाते आणि अनुदान त्या वर्गानुसार मिळते. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत.

यांपैकी अनेक मोठ्या ग्रंथालयांत बालविभाग आहेत. सुट्टीतील शिबिरे, कथाकथन व हस्ताक्षर स्पर्धा यांची तेथे चांगली प्रथा आहे. तथापि या उपक्रमांचा रोख शालेय मुलांवर असतो. सभासदत्वासाठी अनामत व मासिक वर्गणी आकारली जाते, आणि ती सहसा कुटुंबातील कमावत्या व्यक्तीच्या वाचनासाठी भरली जाते.

बालवाडी व अंगणवाडी

शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी महाराष्ट्रात झालेले मूलगामी कार्य ग्रंथालयाबाहेर घडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाड येथे नेण्यात आले. अनुताई वाघ यांनी हे कार्य अखेरपर्यंत चालविले. आदिवासी पाड्यातील मुले शाळेत येत नाहीत हे पाहून पाड्याच्या अंगणातच बालशिक्षण नेण्याचा प्रयोग तेथे झाला. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातून पुढे आली. गाणी, स्थानिक वस्तू, पाने-फुले-शंख यांच्या आधारे शिकविण्याची त्यांची रीत आजच्या शिशुसेवेच्या तत्त्वांशी मिळतीजुळती आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीला देशव्यापी रूप दिले. या योजनेत तीन वर्षांखालील मुलांसाठी पोषण, लसीकरण व आरोग्य तपासणी यांवर भर राहिला. शाळापूर्व शिक्षण प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळत आले. २०२३ साली केंद्र शासनाने 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम सुरू केला आणि त्यानंतर २०२४ साली जन्म ते तीन वर्षे वयोगटासाठी 'नवचेतना' हा आराखडा प्रसिद्ध केला. बालकाशी बोलणे, खेळणे व त्याला प्रतिसाद देणे यांविषयी पालकांना मार्गदर्शन करणे हा त्याचा गाभा आहे.

मौखिक परंपरा

मराठी घरांत शिशुसंगोपनाशी निगडित गाण्यांचा मोठा साठा आहे. पाळण्यातील अंगाई, बारशाचे पाळणे, न्हाऊमाखू घालताना व तीट लावताना म्हणायची गाणी, बोटे मोजत काखेत गुदगुल्या करण्याचे खेळ, पायांवर बसवून झुलविण्याची बडबडगीते आणि जात्यावरच्या ओव्या यांतून बाळाच्या कानी भाषा पडत असे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहात आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनांत यांतील पुष्कळ सामग्री जतन केली आहे. ग्रंथालयशास्त्र आज ज्याला ध्वनिजाणीव म्हणते, तिचे शिक्षण या गाण्यांतून सहज होत असे. जाते गेले, कुटुंबे विभक्त झाली, तसा हा साठा वापरातून कमी झाला. त्यामुळे परंपरेचे जतन आणि शिशुसेवा ही दोन्ही कामे मराठी ग्रंथालयाला एकत्र करता येतात. परिसरातील वृद्ध स्त्रियांना सत्रांत गाण्यासाठी बोलावणे आणि त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण ग्रंथालयात ठेवणे हा त्याचा एक सोपा मार्ग होय.

मराठी शिशुपुस्तके

मराठीत बालसाहित्याची परंपरा समृद्ध आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' १८८१ साली, तर वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' १९०६ साली सुरू झाले. मात्र ही मासिके वाचता येणाऱ्या मुलांसाठी होती. अगदी लहान मुलांसाठी चित्रपुस्तके काढण्याचे काम तुलनेने अलीकडचे आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने चित्रपुस्तकांची सातत्याने निर्मिती केली. माधुरी पुरंदरे यांच्या 'यश', 'राधाचं घर' यांसारख्या पुस्तकांत मराठी घरातील नेहमीचे जगणे चित्र व शब्द या दोन्हींतून येते. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. राष्ट्रीय पुस्तक न्यास आणि २००४ साली स्थापन झालेली प्रथम बुक्स या संस्थांची मराठी चित्रपुस्तकेही अल्प किमतीत उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी मुक्त परवान्याखाली मिळतात व त्या छापून वापरता येतात. जाड पुठ्ठ्याची मराठी पुस्तके मात्र इंग्रजीच्या मानाने थोडी आहेत.

द्रोणागिरी आणि उरण-पनवेल परिसर

द्रोणागिरी हा नवी मुंबईतील एक नोड रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, पनवेलच्या नैर्ऋत्येस आहे. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावरून त्यास हे नाव मिळाले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित केली. १९८९ साली न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. द्रोणागिरी येथेही या मार्गावरील एक स्थानक आहे.

शिशुसेवेच्या दृष्टीने या परिसरात दोन भिन्न परिस्थिती शेजारी शेजारी आढळतात. मूळच्या गावांत आगरी, कोळी व कराडी समाजाची वस्ती आहे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांच्या भोवती वाढलेल्या त्यांच्या बोलीत लग्नातल्या धवल्यांपासून पाळण्यांपर्यंत गाण्यांची जिवंत परंपरा आहे. नव्या इमारतींत राज्याच्या अन्य भागांतून व परप्रांतांतून आलेली तरुण, बहुधा विभक्त कुटुंबे राहतात. तेथे बाळाजवळ आजी नसते आणि शेजारी दुसरी भाषा बोलतात. डोंगराच्या कडेच्या कातकरी वाड्यांतील मुलांची घरची बोली या दोहोंहून निराळी आहे.

अशा वस्तीत ग्रंथालयाच्या शिशुसत्रात आगरी पाळणा, प्रमाण मराठी गोष्ट आणि हिंदी बडबडगीत एकत्र येऊ शकतात. मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावे, हे तत्त्व इफ्लाच्या तत्त्वांतही अभिप्रेत आहे. 'आमची भाषा गावंढळ' या समजुतीने पालकांनी मुलाशी बोलणेच आखडते घेतले, तर प्रमाणभाषा येण्यापूर्वीच त्याच्या भाषेची वाढ खुंटते. ग्रंथालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी बोलीतील गाण्याला मान मिळाला, तर हा संकोच कमी होण्यास मदत होते. पनवेल शहरातील के. गो. लिमये वाचनालयासारखी जुनी वाचनालये, गावोगावच्या अंगणवाड्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे हे या परिसरातील अशा सेवेचे स्वाभाविक आधार आहेत.

अडचणी

• मनुष्यबळ: लहान ग्रंथालयांत ग्रंथपाल हा बहुधा एकटाच कर्मचारी असतो. त्याचे मानधन तुटपुंजे असते आणि त्याच्या प्रशिक्षणात बालविकासाचा भाग अल्प असतो.
• पुस्तकांची हाताळणी: दाखल नोंदवहीत नोंदलेले पुस्तक फाटले वा हरवले तर जबाबदारी आपल्यावर येईल, या धास्तीने चित्रपुस्तके कुलूपबंद कपाटात राहतात. शिशुविभागातील पुस्तके ठरावीक काळाने झिजणार हे गृहीत धरून त्यांच्या निर्लेखनाची सोपी पद्धत ठेवणे आवश्यक असते.
• वेळ: बहुसंख्य वाचनालये सकाळी व संध्याकाळी उघडी असतात. तान्ह्या मुलाच्या आईला दुपारच्या आधीची वेळ सोयीची पडते.
• स्वच्छता: तोंडात जाणारी पुस्तके व खेळणी नियमित पुसावी, धुवावी लागतात. दमट हवेच्या कोकणपट्टीत बुरशीचा त्रासही असतो.
• समजुती: ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक कशाला, असा प्रश्न पालक व संस्थाचालक दोघेही करतात. उलटपक्षी, काही पालक शिशुसेवेकडे अडीच वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला लावणारा वर्ग म्हणून पाहतात. दोन्ही अपेक्षा सेवेच्या हेतूशी विसंगत आहेत.

परिणामकारकता व मतभेद

पुस्तक भेट देण्याच्या योजनांमुळे घरात वाचून दाखविण्याचे प्रमाण वाढते, याविषयी बऱ्याच अभ्यासकांचे एकमत आहे. हा परिणाम किती काळ टिकतो आणि शालेय यशात त्याचा वाटा किती, याविषयी मात्र मतभेद आहेत. केवळ पुस्तकांची पिशवी हाती देऊन उपयोग होत नाही. पुस्तक कसे वापरावे हे कोणी तरी प्रत्यक्ष दाखविले आणि पुढेही संपर्क ठेवला, तर लाभ अधिक होतो, असा अनुभव आहे. निरक्षर पालकांच्या बाबतीत चित्रावरून गोष्ट सांगणे हे वाचून दाखविण्याइतकेच ग्राह्य धरले जाते. सेवेचे यश मोजताना म्हणून पुस्तकांच्या देवघेवीच्या आकड्यांबरोबर सत्रांतील उपस्थिती, परत येणारी कुटुंबे आणि पालकांच्या घरच्या सवयींतील बदल यांचीही नोंद घेतली जाते.

हे सुद्धा पहा

• अंगणवाडी
• अनुताई वाघ
• ताराबाई मोडक
• बडबडगीत
• बालसाहित्य
• महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७
• शि. रा. रंगनाथन